घड्याळ कोणाच्या हातात होते?

माणसाची पारख करण्यासाठी माणसाने आजवर नाना तऱ्हेची मापे शोधून काढली आहेत. कुणी कूळ पाहिले, कुणी जमीनजुमला पाहिला, कुणी दहावीच्या परीक्षेतले गुण पाहिले. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या जगाने आपल्यासाठी जे माप निवडले आहे, ते ऐकताना प्रथम थोडे अजब वाटते. ते माप आहे चाळीस यार्डांचे, म्हणजे ३६.५८ मीटरांचे. एवढे अंतर सरळ रेषेत धावून जाण्यास एखाद्या तरुणाला किती वेळ लागतो, यावर त्याच्या भवितव्याचा बराचसा भाग अवलंबून राहू शकतो. चपळ खेळाडू हे अंतर साडेचार सेकंदांच्या आत कापतो. एवढ्या अवधीत आपला एक दीर्घ श्वासदेखील धड आत-बाहेर होत नाही. परंतु त्या एका श्वासाचा आकडा पुढे आयुष्यभर त्या माणसाच्या नावाला चिकटून राहतो.

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. चेंडू लंबगोल असून तो बहुतांशी हातांनीच फेकतात, झेलतात आणि छातीशी धरून पळतात. शंभर यार्डांचे मैदान, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाडजूड कवच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करायचा, असा एकंदर हिशेब. आपल्या कबड्डीची झटापट आणि बुद्धिबळाचे डावपेच एकत्र केले तर जे होईल, ते बऱ्याच अंशी या खेळात पाहावयास मिळते.

या खेळाच्या सर्वोच्च संघटनेत, नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, बत्तीस संघ आहेत. विद्यापीठांतून खेळून तयार झालेल्या तरुणांची हे संघ दरवर्षी सात फेऱ्यांत निवड करतात. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत दुबळा ठरला, त्याला निवडीचा पहिला मान, असा न्याय तेथे आहे. निवडीपूर्वी सुमारे तीनशे तरुणांना एकत्र बोलावून त्यांची कसून तपासणी केली जाते. उंची, वजन, हाताच्या पंजाची रुंदी, जागच्या जागी मारलेली उडी, १०२ किलो वजन छातीवरून किती वेळा उचलले याची मोजणी, वैद्यकीय तपासणी, मुलाखती, असे सारे काही तीत असते. ही तपासणी १९८२ साली फ्लोरिडा राज्यातील टॅम्पा या शहरी सुरू झाली आणि १९८७ पासून ती इंडियानापोलिस येथे भरते. या साऱ्या कसोट्यांत लोकांचे डोळे ज्या एका गोष्टीकडे लागलेले असतात, ती म्हणजे चाळीस यार्डांची धाव.

माझी मुलगी आणि जावई याच इंडियानापोलिसच्या एका उपनगरात राहतात. २०२४ च्या हिवाळ्याअखेरीस मी काही महिने त्यांच्याकडे होतो. वसई तालुक्यातील एका शाळेत मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्तीला आता बरीच वर्षे झाली आहेत, पण कोणी धावताना दिसला की अंगठा आपोआप स्टॉपवॉचच्या गुंडीवर जातो, ही सवय गेलेली नाही. त्यामुळे चौदा वर्षांच्या नातवाने मार्च महिन्याच्या दुसऱ्या तारखेला "आजोबा, या, चाळीस यार्ड सुरू झालेत" अशी हाक दिली, तेव्हा मी चहाचा कप हातात घेऊनच दूरदर्शन संचासमोर जाऊन बसलो.

त्या दिवशी टेक्सास विद्यापीठाचा झेव्हियर वर्दी नावाचा तरुण धावला. वजनाने अवघा पंचाहत्तर किलोंचा, म्हणजे त्या धिप्पाड मंडळींत पोरसवदाच. एक हात जमिनीला टेकवून तो वाकला, क्षणभर स्थिर झाला आणि सुटला. दुसऱ्या धावेच्या शेवटी पडद्यावर ४.२२ हा आकडा झळकला. जॉन रॉस याने २०१७ साली नोंदविलेल्या विक्रमाशी बरोबरी झाली म्हणून सारे प्रेक्षागार उठून उभे राहिले. थोड्याच वेळाने अधिकृत वेळ जाहीर झाली ती ४.२१. विक्रम मोडला होता. नातू आनंदाने नाचू लागला. माझ्या मनात मात्र निराळाच विचार घोळत होता. धाव तर एकच होती. मग आकडे दोन कसे झाले?

पडद्यावर तत्काळ दिसणारी वेळ आणि अधिकृत वेळ या दोन वेगवेगळ्या यंत्रणांच्या असतात, हे नातवाने मला समजावून सांगितले. पुढे त्याने जे सांगितले ते मला अधिक मोलाचे वाटले. या धावेला पिस्तुलाचा बार नसतो. धावणारा आपल्या मर्जीने सुटतो. त्याची पहिली हालचाल दिसताच एक माणूस हाताने घड्याळ सुरू करतो, आणि शेवटच्या रेषेवर प्रकाशाचा किरण तुटला की ते घड्याळ यंत्राने थांबते. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगितल्या जाणाऱ्या या वेळेचे एक टोक यंत्राच्या हाती, तर दुसरे टोक कुणा माणसाच्या बोटाखाली. शेवटच्या टप्प्यात असा धावपटू सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने जात असतो. तेव्हा ४.२२ आणि ४.२१ यांमधले अंतर पायाच्या मापात सांगायचे तर दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत.

येथे थोडे विषयांतर करून हाताच्या घड्याळाबद्दल सांगतो, कारण त्या विषयात माझी हयात गेली. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा, सुरुवातीला क्लॅपरचा आवाज आणि शेवटच्या रेषेपाशी तीन-चार पायऱ्यांच्या लाकडी घडवंचीवर दाटीवाटीने उभे राहिलेले आम्ही वेळाधिकारी, हे चित्र वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. जिल्हा पातळीवर पिस्तूल असे. तेथे पहिला धडा असा, की आवाज ऐकून घड्याळ सुरू करायचे नाही, पिस्तुलाचा धूर पाहून करायचे. ध्वनीला शंभर मीटर यायला सेकंदाचे सुमारे तीन दशांश लागतात आणि तेवढ्यात पोर सुटलेले असते. पहिल्या क्रमांकावर तीन घड्याळे लावायची. तिन्हींच्या वेळा भिन्न आल्या तर मधली धरायची. दोन जुळल्या तर ती धरायची. इतके सारे नियम कशासाठी केले? तर माणसाचा डोळा आणि अंगठा यांच्यावर एकट्यादुकट्याने विसंबू नये, म्हणून.

शिवाय हाताची वेळ नेहमी थोडी गोड असते. सुरुवातीला धूर दिसून अंगठा दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा निघून जातो. शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असल्यामुळे अंगठा आधीच सज्ज असतो. त्यामुळे घड्याळ सुरू होते उशिरा आणि थांबते वेळेवर. याचा परिणाम एवढा ठाम असतो, की शंभर मीटरच्या हातवेळा यंत्रवेळांशी ताडून पाहताना हातवेळेत ०.२४ सेकंद मिळविण्याचा प्रघात आकडेतज्ज्ञांनी पाडला. पाव सेकंद म्हणजे काही फार नव्हे, असे घरी बसून वाटते. रेषेवर उभे राहिले की पाव सेकंदात चार-पाच मुले आत येऊन जातात.

एका जिल्हा स्पर्धेतली दर्याकिनाऱ्यावरच्या गावातून आलेली एक मुलगी मला आठवते. अनवाणी धावायची. अंतिम फेरीतील शेवटची जागा वेळेवर ठरायची होती आणि तिच्या वेळेचे तीन आकडे तीन घड्याळांवर आले. माझ्या घड्याळावरचा आकडा तिला आत घेणारा होता. नियमाप्रमाणे मधला धरला गेला आणि ती दशांश सेकंदाने बाहेर राहिली. नियम योग्यच होता, कारण माझे घड्याळ खरे आणि इतर दोघांची खोटी असे म्हणण्याचा मला काय अधिकार? ती शांतपणे आपले दप्तर उचलून एस. टी.च्या थांब्याकडे निघून गेली. त्या वर्षीच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे एकच आकडा असेल. तिन्ही घड्याळांवरचे तीन आकडे त्या वहीत कोणी लिहिले नाहीत.

आता पुन्हा इंडियानापोलिसकडे वळू. विक्रमाचा आनंद ओसरल्यावर नातू एकाएकी गप्प झाला. रात्री जेवणाच्या टेबलावर कारण कळले. शाळेच्या संघासाठी गेल्याच आठवड्यात त्यांचीही अशीच चाचणी झाली होती. त्याला 'वाइड रिसीव्हर' व्हायचे होते. दूरवर धावत जाऊन साथीदाराने फेकलेला चेंडू झेलणारा जो गडी, त्याला हे नाव आहे. त्याची वेळ ५.६ सेकंद आली आणि प्रशिक्षकांनी त्याचे नाव त्या गटाच्या यादीतून काढून दुसऱ्या गटात घातले. "मी स्लो आहे, आजोबा," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. पुढल्या हंगामात खेळायचेच नाही, असे त्याने मनाशी ठरविल्याचे नंतर त्याच्या आईकडून कळले.

चौदाव्या वर्षी 'मी मंद आहे' हे वाक्य मुलाच्या तोंडी यावे, ही गोष्ट शिक्षकाला सहज गिळता येत नाही. मात्र त्याला लटका धीर देणेही मला पसंत नव्हते. मुलांना लटका धीर लगेच ओळखू येतो. मी त्याला एवढेच विचारले, की तुझ्या आवडत्या जागेवर खेळलेला आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "जेरी राइस." "मग त्याची वेळ किती होती, ते शोधू या."

हा शोध वाटला तितका सोपा निघाला नाही. इसवी सन २००० पासूनचे तक्ते संगणकावर नीटनेटके मिळतात. नाव घालावे आणि उंची, वजन, वेळ सारे समोर यावे. परंतु जेरी राइसची निवड झाली १९८५ साली. या तपासणीत विद्युत घड्याळाचा वापर १९९९ साली सुरू झाला. त्याआधीच्या वेळा हाताच्या घड्याळांच्या. प्रत्येक संघाचा पारखी आपले घड्याळ घेऊन बसे, आपल्या वहीत आपला आकडा लिही आणि ती वही शक्यतो दुसऱ्याला दाखवीत नसे. त्यातही कित्येक खेळाडू आपापल्या विद्यापीठाच्या मैदानावर, कधी गवतावर, कधी कृत्रिम पृष्ठभागावर, पारख्यांसमोर निराळे धावत. पुढे या वह्यांतले आकडे वर्तमानपत्रांत, आठवणींत आणि गप्पांत शिरले आणि तेथून संगणकावर आले. राइसबाबत एके ठिकाणी ४.७१ असा आकडा सापडला. दुसरीकडे ४.६ च्या आतबाहेरचा. कोणीही सही-शिक्क्यासह दाखविलेला नव्हता.

"खरा कोणता?" नातवाने विचारले.

मी म्हटले, "दोन्ही खरे असतील. घड्याळ कोणाच्या हातात होते, ते आधी सांग."

शोधता शोधता आणखी मौज दिसली. आकडा जितका जुना, तितका तो अधिक चमत्कारिक. बो जॅक्सन या अचाट ताकदीच्या खेळाडूच्या नावावर १९८६ सालची ४.१२ सेकंद ही वेळ सांगितली जाते. ती हातवेळ आहे. आता २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने शंभर मीटर ९.५८ सेकंदांत कापले, त्या धावेच्या टप्प्याटप्प्यांच्या वेळा उपलब्ध आहेत. तीस मीटरला ३.७८ आणि चाळीस मीटरला ४.६४. त्यावरून हिशेब केला तर ३६.५८ मीटरला साधारण ४.३५ येतात, आणि बारानंतर हलायला त्याला लागलेले ०.१४६ सेकंद वजा केले तर ४.२ च्या आसपास. म्हणजे जगातला सर्वांत वेगवान मनुष्य, काट्यांचे बूट घालून, आयुष्यातील सर्वोत्तम दिवशी जेथवर पोहोचला, त्याच्याही पुढे बो जॅक्सन होता असे मानावे लागेल. गावच्या विहिरीत पडलेला बैल एकट्याने बाहेर काढणाऱ्या पणजोबांची गोष्ट प्रत्येक घरात असते. पिढीगणिक बैलाचे वजन वाढते. पणजोबा बलवान होते, यात शंका नसते. बो जॅक्सन अतिशय वेगवान होता, यातही नाही.

परंतु हा निबंध आकड्यांची टवाळी करण्यासाठी लिहिलेला नाही. या मापामागे एक विचार आहे. क्लीव्हलँडचे नामांकित प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्याकडे त्याचे श्रेय देतात. लाथेने उंच उडविलेला चेंडू सुमारे चाळीस यार्ड जातो आणि सुमारे साडेचार सेकंद हवेत राहतो. तो खाली येण्यापूर्वी आपला गडी तेथे पोहोचला पाहिजे. म्हणून चाळीस यार्ड. कामावरून माप काढले, तर ते माप शहाणपणाचे असते. आकडा कित्येकदा सत्यही बोलतो. क्रिस जॉन्सन याने २००८ साली ४.२४ ही वेळ दिली आणि पुढच्याच वर्षी एका हंगामात चेंडू घेऊन २,००६ यार्ड धाव घेतली. दोन हजारांचा टप्पा गाठणारे त्या खेळाच्या इतिहासात अगदी मोजके आहेत.

घोटाळा होतो तो मापाची जागा बदलली की. टॉम ब्रेडी हा चेंडू फेकणारा खेळाडू २००० साली हेच अंतर ५.२८ सेकंदांत धावला आणि १९९ व्या क्रमांकावर, सहाव्या फेरीत, निवडला गेला. पुढे तो सात वेळा विजेत्या संघात होता. त्याचे काम उभे राहून क्षणार्धात सारे मैदान वाचण्याचे होते, आणि ते वाचन मोजणारे घड्याळ कोणापाशी नव्हते. उलट जॉन रॉस ४.२२ च्या बळावर २०१७ साली नवव्या क्रमांकावर निवडला गेला, पण दुखापतींनी त्याला गाठले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. मला या तरुणाबद्दल वाईट वाटते. सवाचार सेकंदांपेक्षाही कमी वेळात लोकांनी त्याच्याबद्दल एवढ्या अपेक्षा बांधल्या, की त्या पुऱ्या करायला निरोगी शरीरही अपुरे पडले असते.

नातवाला मी अँक्वान बोल्डिनचा तक्ताही काढायला लावला. हाही झेलणाराच. २००३ साली त्याची वेळ ४.७ च्या आसपास आली. त्या जागेसाठी ती मंदच समजली जाते, आणि तो चोपन्नाव्या क्रमांकापर्यंत मागे राहिला. त्याच वर्षी आपल्या पहिल्यावहिल्या सामन्यात त्याने दहा झेल घेऊन २१७ यार्ड मिळविले. पदार्पणाच्या सामन्यात एवढे कोणी मिळविले नव्हते. हंगामाअखेर त्याचे १०१ झेल झाले होते. नातू तो तक्ता बराच वेळ पाहत राहिला.

जेरी राइसची गोष्ट तर आपल्या घरांतल्या मुलांना सांगावी अशी आहे. मिसिसिपी राज्यातील एका लहानशा वस्तीत तो वाढला. वडील गवंडी होते. उन्हाळ्यात भाऊ खालून विटा फेकत आणि हा परांचीवर उभा राहून त्या झेलत असे. त्या कष्टांतून पंजे तयार झाले. शिकला तो एका लहान विद्यापीठात. निवडीत तो सोळावा आला आणि त्याच्या आधी दोन झेलणारे घेतले गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात गेल्यावर तो हंगाम नसताना सॅन कार्लोसजवळच्या टेकडीवर सुमारे अडीच मैलांची चढण धावत असे. इतरांचे पाय जेथे जड होत, तेथे याचे हलके राहत. वीस हंगामांनंतर तो थांबला तेव्हा झेल घेऊन मिळविलेले त्याचे यार्ड २२,८९५ झाले होते. त्याच्या खालोखाल लॅरी फिट्झगेराल्डचे १७,४९२ आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत पाच हजारांचे अंतर. चाळीस यार्डांच्या शर्यतीत ज्याला कोणी फारसे वेगवान म्हटले नाही, तो बावीस हजार यार्डांच्या शर्यतीत असा एकटाच पुढे राहिला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि ती मी नातवापाशीही बाळगली. मंद धावणारे सारेच जेरी राइस होत नाहीत. राइसच्या उदाहरणाने कोणाची ५.६ ही वेळ कमी होत नाही. एकाच्या यशाचा दाखला देऊन शंभरांना खोटी आशा लावणे, हाही मापाचा गैरवापरच.

म्हणून त्या रविवारी दुपारी आम्ही एक साधी गोष्ट केली. घरामागच्या उद्यानात फीत धरून चाळीस यार्ड मोजले. मुलगी, जावई आणि मी अशा तिघांनी आपापल्या भ्रमणध्वनीवरील घड्याळे तयार ठेवली. "पहिली हालचाल दिसली की दाबायचे," एवढी सूचना दिली. नातू धावला. जावयांच्या घड्याळात ५.४४ आले, मुलीच्या ५.७१ आणि माझ्या ५.५८. तिघेही एकाच रेषेवर, खांद्याला खांदा लावून उभे होतो. तिघांचेही त्या मुलावर सारखेच प्रेम. तरी तीन आकडे. जावई आणि मुलगी यांच्यात कोणाचे बरोबर यावरून थट्टेचा वाद सुरू झाला आणि आठवडाभरानंतर नातू प्रथमच मोकळेपणाने हसला.

"मधला धरायचा ना, आजोबा?"

"हो. म्हणजे ५.५८. तुझ्या शाळेने सांगितलेली वेळ चुकीची नाही."

हे मी मुद्दाम सांगितले. त्याच्या प्रशिक्षकांनी अन्याय केला, असे त्याला वाटू देणे सोपे होते, पण ते खरे नव्हते. त्याचा वेग बेताचाच आहे. प्रश्न एवढाच होता, की ती वेळ कशाचे उत्तर आहे. ती सांगते, की अमुक दिवशी, अमुक जमिनीवर, चेंडू नसताना, कोणी आडवे येत नसताना, सरळ रेषेत तू इतका वेळ घेतलास. तू कोण आहेस, हा तिचा विषयच नाही. सामन्यात कोणी सरळ रेषेत पळत नाही. वळावे लागते, थांबावे लागते, कोणाचा खांदा चुकवावा लागतो आणि मान वळवून, धावता धावता, चेंडू कोठे पडणार हे ओळखावे लागते. यांतल्या बऱ्याच गोष्टी शिकता येतात. पायांचा मूळ वेग फारसा बदलत नाही, एखाद-दोन दशांश एवढाच. मग ज्या गोष्टी बदलतात, त्यांच्यावर घाम गाळावा, हे व्यवहाराचे शहाणपण.

पुढल्या आठवड्यात तो स्वतः होऊन प्रशिक्षकांना भेटला. झेलणाऱ्यांच्या गटात जागा मिळाली नाही. ज्या गटात घातले होते तेथेच राहा, मात्र सरावानंतर अर्धा तास झेलण्याचा सराव करायला ये, असे ते म्हणाले. मला हे उत्तर योग्य वाटले. भला माणूस असावा. मी परतलो तेव्हा नातू रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू आपटून एका हाताने झेलत होता. त्यातून पुढे काय निष्पन्न होईल, हे मला ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही. 'मी स्लो आहे' हे वाक्य मात्र मी पुन्हा ऐकले नाही. एकदा तो आईला म्हणाला, "माझी वेळ स्लो आहे." या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, ते वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मी मात्र परतीच्या विमानात आमच्याकडच्या निकालांच्या दिवसांचा विचार करीत होतो. आपल्या घरांतूनही आकड्यांची अशीच चौकशी चालते. दहावीला किती? बारावीला किती? प्रवेशपरीक्षेत कितवा? पाहुणा घरात शिरून टेकण्यापूर्वीच मुलाला हा प्रश्न विचारला जातो आणि मूल मान खाली घालून एक संख्या उच्चारते. ती संख्या निरर्थक नसते. ती कोणी कष्टाने, नियमाने मोजलेली असते, आणि मोजणाऱ्यांनी शक्य तितकी काळजी घेतलेली असते. मीही वीस वर्षांहून अधिक काळ तसे मोजले आहे. परंतु घडवंचीवर उभा राहून ज्याने एकदा तरी आपल्या आणि शेजाऱ्याच्या घड्याळातील फरक पाहिला आहे, त्याला कोणत्याही आकड्यापुढे तीन साधे प्रश्न उभे करावेसे वाटतात. अंतर किती होते? घड्याळ कोणाच्या हातात होते? आणि हे माप कोणत्या कामासाठी घेतले होते?

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर आकडा आपल्याला पुष्कळ काही शिकवतो. उत्तरे न मिळता नुसता आकडाच हाती आला, तर तो मुलाच्या पाठीवर चिकटविण्याआधी आपण थोडे थांबलेले बरे. चार-पाच सेकंदांत घेतलेले माप चाळीस-पन्नास वर्षे वागवायचे आहे, ते त्या मुलालाच.